पाकिटाच्या आकाराचे मानपत्र

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता बोळिंजमधल्या एका सार्वजनिक वाचनालयासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून एकोणीस खोकी उतरवण्यात आली. पावसाळ्याला तीन आठवडे होते. खोकी सफरचंदांची होती. आत एका माजी राजदूतांचे कागद होते. वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ आदल्या हिवाळ्यात वारले. मुलाला फ्लॅट रिकामा करायचा होता. कागद गावाला मिळावेत अशी वडिलांची इच्छा होती, असे त्याने फोनवर सांगितले. लेखी काही नव्हते.

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर पूर्वी कॅरम होता. तिथे 'अभिलेख दालन' अशी संगमरवरी पाटी आधीच बसवली होती. पाटीवर उद्घाटकाच्या नावाची जागा मोकळी होती.

यादी करायला तिघांची समिती नेमली गेली. अध्यक्ष माजी नगरसेवक. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही. दुसऱ्या सदस्य वाचनालयाच्या ग्रंथपाल. त्या चंदनसारहून रोज येतात. तिसरा मी. एका दैनिकाच्या जिल्हा पानावर बरीच वर्षे काम केले होते आणि निवृत्त झाल्यामुळे सकाळी मोकळा होतो, एवढ्यावर निवड झाली.

काम मंगळवारी सुरू झाले. राजदूतांनी काहीही फेकले नव्हते. ज्या देशांत ते राहिले त्यांच्याशी भारताचे संबंध कसे होते, हे एकाही खोक्यातून कळत नाही. जेवायला काय होते ते कळते. मेजवान्यांची छापील जेवणपत्रे तारीखवार लावलेली होती आणि न आवडलेल्या पदार्थांपुढे पेन्सिलीची फुली होती. कोण कोणाशेजारी बसणार याचे नकाशे होते. एका नकाशात एका मंत्र्याची खुर्ची तीनदा खोडून पुन्हा काढली होती. मंत्री आला नाही, अशी समासात नोंद होती. निवासस्थानातल्या बिघडलेल्या एसीबद्दल दिल्लीशी झालेल्या पत्रव्यवहाराची एक जाड फाइल होती. एसी दुरुस्त होण्याआधी राजदूतांची बदली झाली. एसी तिथे राहिला आणि फाइल त्यांच्याबरोबर आली.

प्रजासत्ताक दिनाचे भाषण सगळ्या देशांत एकच होते. देशाचे नाव आणि वर्ष तेवढे दर वेळी पेनाने बदललेले. मधल्या पानांना कसर लागली होती. त्यामुळे आशय कमी झालेला नव्हता.

स्थानिक राजकारणाचा भाग एका वेगळ्या खोक्यात होता. त्यात बहुतेक पत्रे भाऊंची होती. एका पत्रात त्यांनी विरार आणि राजदूत नेमणुकीला होते त्या बेटावरच्या देशाची राजधानी यांच्यात भगिनी-शहराचे नाते जोडावे, अशी सूचना केली होती. 'प्रस्ताव स्तुत्य आहे. योग्य वेळी योग्य स्तरावर विचार होईल,' असे उत्तर गेले होते. त्याची कार्बन प्रत भाऊंनी उजेडात धरून वाचली.

"बघा," ते म्हणाले, "आजपर्यंत नाकारलेला नाही."

"मग यादीत काय लिहू, भाऊ?" ग्रंथपालांनी विचारले.

"विचाराधीन."

त्यांनी तसे लिहिले.

गुरुवारी सकाळी अर्नाळ्याहून एक बाई आल्या. बरोबर मुलगी होती, पंचविशीच्या आतबाहेरची, विरारला एका तपासणी लॅबमध्ये नोकरी करणारी. राजदूतांचे कागद आल्याची चार ओळींची बातमी मुलीने मोबाइलवर वाचली होती. आई मासळी सुकवण्याचे काम करते. दोघी दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ," आई म्हणाली, "माझं पत्र आहे का यात?"

भाऊंनी त्यांना ओळखले. "मावशी! बसा, बसा. तुमचं पत्र वर गेलं होतं. मी स्वतः पाठपुरावा केला होता."

मुलीने पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेला कागद काढला. भाऊंच्या लेटरहेडवर त्यांच्या सहीचे दोन ओळींचे उत्तर होते: आपले पत्र योग्य स्तरावर पोचले आहे, निश्चिंत असावे.

"ह्ये तुमचं," आई म्हणाली. "योग्य स्तर म्हंजे कुठं, ते आता सांगा. अकरा वर्सं झाली. मी काय दुसरं मागत नाय."

भाऊंनी चहा मागवला.

प्रकरण असे होते. बाईंचे पती गुजरातच्या बंदरातून सुटणाऱ्या बोटीवर खलाशी होते. बारा वर्षांपूर्वी ती बोट शेजारी देशाच्या गस्ती नौकेने धरून नेली. सात महिने काही कळले नाही. मग तिकडच्या तुरुंगातून एक पाकीट आले. ज्या सकाळी आले, त्याच संध्याकाळी बोळिंजमध्ये राजदूतांचा जाहीर सत्कार होता. राजदूत सुट्टीवर घरी आले होते. ज्या देशाने बोट धरली त्या देशात ते कधीही नेमणुकीला नव्हते. या फरकाची त्या दिवशी कोणी दखल घेतली नाही. राजदूत म्हणजे राजदूत, ते एकमेकांना ओळखतातच, असे भाऊंचे मत होते.

बाईंना वाचता येत नाही. मुलगी शाळेतून यायच्या आत त्या पाकीट घेऊन आल्या, तेव्हा सत्काराच्या मंडपात भाऊंचे सहायक होते. त्यांनी पाकीट उघडू दिले नाही.

"फोडू नका मावशी. फोडलेल्या पाकिटाला वजन राहत नाही. सीलबंद गेलं की वर खळबळ होते."

बाईंनी पाकीट तसेच दिले. पुढच्या वर्षी त्यांचे पती तिकडच्या तुरुंगात आजारपणात वारले. शवपेटी आली. त्याआधी किंवा नंतर दुसरे पत्र आले नाही. पहिल्यात काय लिहिले होते हे बाईंना माहीत नव्हते. ते त्यांनी एकदाही ऐकलेले नव्हते. त्यासाठी त्या आल्या होत्या.

सत्काराची बातमी माझी होती. जिल्हा पान तेव्हा लवकर सुटत असे. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी आणि फोटोखालची ओळ निमंत्रणपत्रिका पाहून दुपारीच लिहून ठेवायची आणि सातला फोटो आला की जागेवर लावायचा, अशी सर्वांची पद्धत होती. पत्रिकेत 'मानपत्र प्रदान' असे छापले होते, म्हणून फोटोखाली 'राजदूतांना मानपत्र प्रदान करताना मान्यवर' अशी ओळ तयार होती. प्रत्यक्षात मानपत्र विरार पूर्वेच्या छापखान्यातून वेळेवर आले नाही. मंचावर फोटोग्राफर म्हणाला, हातात काहीतरी धरा. भाऊंच्या हातात बाईंचे पाकीट होते. एक कोपरा भाऊंनी धरला, दुसरा राजदूतांनी, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. मूळ फोटोत डावीकडे बाई अर्ध्या दिसत होत्या. पानाच्या मापात बसवताना तो भाग कापला गेला. सकाळी ओळ आणि फोटो एकत्र छापून आले. दुरुस्ती कोणी मागितली नाही आणि छापली गेली नाही.

"निवेदनांच्या फायली आहेत," ग्रंथपाल बाईंना म्हणाल्या. "सगळ्या बघते, ताई. वेळ लागेल."

"लागू दे. मला सवय हाय."

निवेदनांच्या फायली पाहायला दोन आठवडे लागले. निवेदने पुष्कळ होती. पुतण्याला व्हिसा मिळावा, भजनी मंडळाला त्या देशात बोलवावे, तिथल्या नारळाच्या बुटक्या जातीची रोपे पाठवावीत. प्रत्येकाला पोच दिलेली होती. खलाशांबद्दल काही नव्हते. परराष्ट्र मंत्रालयाशी झालेल्या पत्रव्यवहारातही नव्हते. भाऊ रोज अकराला येत आणि "मिळालं का?" असे विचारून साडेअकराला जात. पाऊस सुरू झाला. दालनाच्या खिडकीतून पाणी येऊ लागले, तेव्हा खोकी कपाटावर चढवण्यात आली.

चढवताना ग्रंथपालांनी सोळा नंबरचे खोके पुन्हा उघडले. हे खोके पहिल्या आठवड्यातच नोंदून झाले होते. त्यावर राजदूतांच्या कार्यालयाने 'सत्कार – गाव' असे लिहिले होते आणि त्याची यादी भाऊंनी स्वतः उभे राहून सांगितली होती, कारण आतल्या बहुतेक वस्तू त्यांनी दिलेल्या होत्या. शाली, स्मृतिचिन्हे, मानपत्रे. ग्रंथपालांनी एक वस्तू आणि बातमीचे एक कात्रण माझ्यासमोर ठेवले.

"हा फोटो तुमच्या पेपरातला ना, सर?"

"हो."

"मानपत्र एवढं लहान? आणि त्यावर टपालाचं तिकीट? मी त्या दिवशी भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, तेव्हा मानपत्रं टपालानं जायची."

वस्तू म्हणजे प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेले एक बंद पाकीट. शेजारी देशाचे तिकीट, तुरुंगाचा गोल शिक्का, देवनागरीत बाईंचे नाव आणि मुक्काम अर्नाळा. कडा पक्क्या बसल्या होत्या. आत घडी केलेल्या कागदाची उभट जागा बोटाला लागत होती.

फोटोखालची ओळ कशी लिहिली गेली ते मी ग्रंथपालांना सांगितले. पुढचे भाऊंच्या जुन्या सहायकाने फोनवर सांगितले. इकडच्या खारट हवेत कागद टिकत नाही, म्हणून सत्कारात दिलेला प्रत्येक कागद दुसऱ्या दिवशी लॅमिनेट करून पाहुण्याला पाठवायचा, असा त्यांच्या कार्यालयाचा शिरस्ता होता. दुसऱ्या दिवशी टेबलावर पाकीट होते आणि पेपरात त्याला मानपत्र म्हटले होते. ते दुकानात गेले. लॅमिनेशनवाल्याने जे दिले ते यंत्रात घातले. मग शाल, फोटो आणि पाकीट असा संच पार्सलने बेटावरच्या देशात गेला. छापखान्यातून खरे मानपत्र आठवड्याने आले. ते कुठे आहे हे सहायकाला आठवत नाही.

राजदूतांच्या उत्तराची प्रत त्याच खोक्यात होती. 'आपण दिलेले मानपत्र माझ्या टेबलावर सतत डोळ्यांसमोर असते,' असे त्यांनी भाऊंना कळवले होते. त्या पत्राच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. पाकिटाला काही झाले नव्हते. एकोणीस खोक्यांत इतका चांगला राहिलेला दुसरा कागद नाही.

शनिवारी बाईंना आणि मुलीला बोलावण्यात आले. भाऊ आधीच येऊन बसले होते. बाईंनी पाकीट दोन्ही हातांत धरले आणि पत्त्यावरून अंगठा फिरवला. बोट प्लास्टिकवरून घसरत होते.

"अक्षर त्याचंच," त्या म्हणाल्या. "चौथीपर्यंत शिकला होता. दर वेळी नाव असंच वर चढवत न्यायचा."

"मावशी, आता माझं ऐका," भाऊ म्हणाले. "उद्घाटन आहे. एक विद्यमान राजदूत यायचे आहेत, बोलणी चालू आहेत. त्यांच्या हस्ते हे तुम्हाला सन्मानानं देऊ. साडीचोळी देऊ. फोटो येईल, सगळ्यांना कळेल."

"कधी हाय उद्घाटन?"

"तारीख मिळाली की."

"गेल्या बारीला पन फोटोच काढलात."

भाऊ म्हणाले, "तसं नका बोलू. तुमच्यासाठीच धावलो होतो मी. आणि असं आहे, हे आता अभिलेखात आलंय. नियम आहे, अभिलेख बाहेर जात नाही. मलासुद्धा मोडता येत नाही."

नियम भाऊंनीच केले होते. भिंतीवर फ्रेममध्ये लावले होते. पहिला नियम त्यांनी सांगितला तसाच होता. ग्रंथपाल उठून भिंतीजवळ गेल्या आणि दुसरा मोठ्याने वाचला: नोंदणीकृत वाचकास मागितलेला कागद दालनात बसून वाचता येईल.

"वाचू देत की," भाऊ म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय?"

"प्लास्टिकमधून कसं वाचणार, भाऊ?"

"ते... समितीसमोर ठेवू."

"समिती इथंच आहे. तिघंही."

प्लास्टिक कापावे का, यावर मत घेण्यात आले. दोन विरुद्ध एक. वाचक-नोंदणीचा अर्ज मुलीने भरला. त्यात 'संशोधनाचा विषय' असा रकाना आहे. तो रिकामा असेल तर अर्ज घेतला जात नाही. तिने 'वडील' असे लिहिले. 'मार्गदर्शक' या रकान्यात आईचे नाव लिहिले. ग्रंथपालांनी अर्जावर शिक्का मारला.

कात्रणे कापायच्या ब्लेडने ग्रंथपालांनी पाकिटाची वरची कड कापली. प्लास्टिक पाकिटाच्या बाहेरून चिकटले होते, आत गेले नव्हते. कागद सुटा होता. त्यांनी तो स्वतः बाहेर काढला नाही. पाकीट बाईंपुढे सरकवले. बाईंनी दोन बोटांनी कागद ओढला. वहीचे एक पान होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, चार घड्या घातलेले. घड्यांवर निळी शाई उतरली होती.

भाऊंनी बरोबर आणलेला फोटोग्राफर पुढे झाला. "मावशी, जरा वर धरा. भाऊ, तुम्ही इकडून..."

"नाय," बाई म्हणाल्या.

"मोठ्यानं वाचा तरी," भाऊ म्हणाले. "आपल्या गावाचा इतिहास आहे हा. सगळ्यांना ऐकू दे."

"अकरा वर्सं तुमच्याकडं होतं, तवा कुनी वाचलं का? आता मलापन घाई नाय. घरी वाचू."

"घरी नेता येणार नाही, मावशी. मघाशीच सांगितलं. अभिलेख आहे."

मुलगी आईकडे पाहत होती. बाईंनी कागद पदराखाली घेतला होता. भाऊ ग्रंथपालांकडे वळले. "मॅडम, नियम सांगा त्यांना."

ग्रंथपालांनी यादीचे रजिस्टर काढले, खोके सोळाचे पान उघडले आणि बोट ठेवून वाचले.

"मानपत्र. पाकिटाच्या आकाराचे. लॅमिनेटेड. एक." त्यांनी मान वर केली. "नोंद एवढीच आहे, भाऊ. खाली तुमची सही आहे. पत्र यादीत नाही."

"म्हणजे?"

"यादीत आहे ते आपलं. यादीत नाही ते आपलं नाही. नियम चार."

भाऊ नियमांच्या फ्रेमकडे गेले आणि चौथा नियम वाचला. मग पहिल्यापासून सगळे वाचले.

"नोंद दुरुस्त करता येईल," ते म्हणाले.

"येईल ना. दुरुस्तीला सर्वसाधारण सभा लागते. ती उद्घाटनानंतर आहे."

भाऊंनी मला विचारले, "तुम्ही पेपरवाले. तुमचं काय म्हणणं?" नोंद वाचून दाखवली तशीच आहे आणि सही त्यांची आहे, एवढे मी सांगितले. फोटोग्राफरने कॅमेऱ्याचे झाकण लावले.

रिकामे लॅमिनेट केलेले पाकीट ग्रंथपालांनी सोळा नंबरच्या खोक्यात परत ठेवले. यादीत बदल करावा लागला नाही. ते सध्या काचेच्या कपाटात मधोमध ठेवले आहे. शेजारच्या चिठ्ठीवर 'राजदूतांना जन्मभूमीकडून मिळालेले मानपत्र' असे छापले आहे. चिठ्ठीचा मजकूर अध्यक्षांनी मंजूर केला. पाटीवरची मोकळी जागा अजून भरलेली नाही.

त्या शनिवारी बाई आणि मुलगी सव्वाबाराला खाली उतरल्या. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. घरी जायला मीही निघालो होतो, त्यामुळे थांब्यापर्यंत रस्ता एकच होता. वाटेत एकदा मुलीने "नीट धर, भिजेल" असे म्हटले आणि बाईंनी "धरलंय" असे उत्तर दिले. विरारहून अर्नाळ्याला जाणारी बस आली. दोघींना डाव्या बाजूची, खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरने तिकीट फाडून दिले. बाईंनी पदराखालून कागद काढून मुलीच्या हातात दिला. मुलीने घड्या उघडल्या, आईकडे सरकून बसली आणि वाचू लागली. खिडकीची काच बंद होती. बाहेर ऐकू आले नाही. बस बारा पंचवीसला सुटली.